माळवद, पन्हळ आणि छपरावर साचत गेलेली माती

१/
सपाट छपरावर पडलेला पाऊस जातो कोठे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या असंख्य कुटुंबे ज्या छपराखाली निजली, त्या छपराचे सारे आयुष्य या एका प्रश्नावर तोललेले होते. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले, त्याच्या कारणांपैकी एक कारण याच प्रश्नात दडलेले आहे. आजचा धागा मातीच्या माळवदाचा, त्यावरून पाणी काढून देणाऱ्या पन्हळीचा आणि पाणी नीट न गेल्यास काय होते त्याचा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात माधवनगरपासून करू. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की प्रथम माधवनगर येते आणि त्याला लागूनच बुधगाव. बुधगाव ही पटवर्धनांच्या मिरज धाकट्या पातीची राजधानी. १८९९ पासून संस्थाने विलीन होईपर्यंत तिचे अधिपती होते माधवराव हरिहर तथा बाबासाहेब पटवर्धन. माधवनगरला रेल्वेचे स्थानक आहे, पेठ आहे, गिरणीचा इतिहास आहे. येथल्या छपरांकडे पाहिले तर कौले, पत्रे आणि आता बहुतेक ठिकाणी सिमेंटचे स्लॅब दिसतात. मातीचे माळवद पाहायचे असेल तर पाठ कृष्णेकडे करून पूर्वेची वाट धरावी लागते : तासगाव, कवठे महांकाळ, आटपाडी, जत, आणि पुढे सोलापूर जिल्हा.

३/
पश्चिमेला आणि पूर्वेला छपरे निराळी का? उत्तर पावसात आहे. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ पर्यंत साताऱ्याचा भाग होता. त्या दिवशी ‘दक्षिण सातारा’ असा निराळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे जुन्या एकाच सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वर होते, जेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला आटपाडीचा माणदेश, जेथे पाचशेच्या आसपास पडला तरी सुकाळ मानतात. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही. घरबांधणीच्या अभ्यासकाला एवढ्या थोड्या जागेत एवढा फरक जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

४/
महाबळेश्वरी पावसात सपाट मातीचे छप्पर आठवडाभरही टिकायचे नाही. तेथे उतरते छप्पर, गवताचे किंवा कौलांचे; पाणी पडले की घसरून वळचणीला यावे. माणदेशात मात्र उतरत्या छपराचा खर्च कशाला? लाकूड कमी, गवत त्याहून कमी. ऊन मात्र उदंड. तेथे जाड मातीचे सपाट छप्पर दुपारी घर थंड ठेवते, त्यावर ज्वारी, मिरच्या, सांडगे वाळतात, उन्हाळ्यात माणसे वर निजतात. शिवाय ते बांधायला लागणारी मुख्य वस्तू गावातच फुकट मिळते : माती.

५/
नावे प्रदेशागणिक बदलतात. सांगली-सोलापूर-मराठवाड्याकडे ‘माळवद’ म्हणतात, खानदेश-विदर्भाकडे ‘धाबे’. श्रीमंतांच्या वाड्यावर मातीऐवजी चुन्याचा गिलावा केलेली जी सपाट जागा असे, ती ‘गच्ची’. हा शब्द फार्सी ‘गच’वरून, म्हणजे चुना-गिलाव्यावरून आला आहे. आज आपण सरसकट साऱ्या सपाट छपरांना गच्ची म्हणतो. एकेकाळी या एका शब्दावरून घरमालकाची ऐपत कळत असे.

६/
माळवदाची रचना खालून वर अशी. आधी भिंती किंवा लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. दोन तुळयांमधली जागा म्हणजे ‘खण’, आणि घराचे माप याच खणांत सांगितले जाई : पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा. कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर लिंबाचा किंवा तसलाच कडू, वाळवीला नको असलेला पाला, त्यावर भिजवून मळलेली माती आणि सर्वांत वर पांढऱ्या खारवट मातीचा थर. हा थर चोपून चोपून घट्ट केलेला असे. घरात उजेड यावा आणि धूर जावा म्हणून छपरात एक भोक ठेवत. त्याला ‘सवणे’ म्हणतात. पाऊस आला की त्यावर झाकण घालायला पोरांना वर पिटाळत.

७/
येथे थोडे थांबून ‘पांढऱ्या माती’विषयी सांगायला हवे, कारण सगळे शास्त्र तिच्यात आहे. मराठी गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती छपरावर घातली तर पहिल्याच उन्हाळ्यात छप्पर चाळणीसारखे होईल. म्हणून माळवदावर पांढरी घालत, आणि तीही खारवट, चोपण जातीची.

८/
चोपण जमीन हा शेतकऱ्याला शाप. तिच्यात सोडियमचे प्रमाण अधिक असते. पाणी लागले की मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांपासून सुटतात आणि सारी छिद्रे बुजवून टाकतात. पाणी खाली मुरत नाही, वर डबके साचते, पीक कुजते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण जी माती शेतात पाणी मुरू देत नाही, तीच छपरावर पाणी मुरू देत नाही. माळवद घालणाऱ्याला सोडियम ठाऊक नव्हते. कोणत्या टेकाडावरची माती जिभेला खारट लागते, ते मात्र नेमके ठाऊक होते.

९/
तरीही ही माती पाण्याला कायमची अडवू शकत नाही. ती फक्त वेळ काढते. पहिली सर पडते तेव्हा उन्हाळ्यातल्या बारीक भेगांतून छप्पर थोडे गळतेच; मग माती फुगते, भेगा मिटतात आणि छप्पर घट्ट होते. पण पाणी वर तासन्‌तास उभे राहिले तर ते थरात झिरपत जाते, खालचा पाला कुजतो, कड्यांना ओल लागते. म्हणून माळवदाचा पहिला नियम असा : पाणी अडवायचे नाही, काढून द्यायचे. पाणी मुरायच्या आत छपरावरून गेले पाहिजे.

१०/
येथे उताराचा नाजूक प्रश्न येतो. उतार कमी तर पाणी रेंगाळते. जास्त तर वाहते पाणी माती ओढून नेते आणि दोनचार पावसांत छपरावर ओहोळ पडतात. दोन्हींच्या मधला, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा ढाळ काढणे हे कसबाचे काम होते. भिंती एका सपाटीत बांधलेल्या असत; ढाळ असे तो वरच्या मातीच्या थरात, मागे जाड आणि पुढे पातळ. सर्व पाणी एका कडेला आणायचे, तेथे कठड्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर काढायचे आणि भिंतीपासून दूर फेकायचे. हे शेवटचे काम पन्हळीचे.

११/
पन्हळ म्हणजे अर्धे कोरलेले लाकूड, घडीव दगड, भाजक्या मातीची नळी किंवा अलीकडे पत्र्याची नाळ. ती भिंतीबाहेर हातभर तरी पुढे आली पाहिजे, नाहीतर पाणी भिंतीवरून उतरते, आणि मातीत बांधलेल्या भिंतीला वरून येणाऱ्या पावसापेक्षा अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याचे भय अधिक. जेथे धार पडते तेथे खाली एक फरशी टाकत, म्हणजे पायाशी खड्डा पडू नये. ती फरशी विसरली की चारपाच वर्षांत पाया उघडा पडे. छपराचे पाणी आणि पायाचे दुखणे यांचा असा थेट संबंध आहे.

१२/
शब्दाची गंमतही पाहा. ‘पन्हळ’ हा संस्कृत ‘प्रणाल’चा वंशज. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारे जे गोमुख किंवा मकरमुख, तेही प्रणालच. शिलाहारांच्या लेखांत पन्हाळगडाचे नाव ‘प्रणालक’ असे येते, आणि शिवाजी महाराजांनी १६७३ साली तो गड घेतला त्यावर जयराम पिंड्ये यांनी रचलेल्या संस्कृत काव्याचे नाव ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’. गडाला ते नाव का पडले यावर वाद घालता येईल; पण आटपाडीतल्या एखाद्या घराची लाकडी पन्हळ आणि तो बुलंद किल्ला एकाच शब्दकुळात बसतात, हे मला नेहमी आवडत आले आहे.

१३/
ही गोष्ट केवळ मराठी मुलखाची नाही. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडोत वरच्या मजल्यावरचे पाणी खाली गटारात सोडण्यासाठी भिंतीत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या सापडल्या आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आजच्या ‘पावसाळी पाइपा’पेक्षा फार निराळे नव्हते. तुर्कस्तान, लेबनॉनकडील खेड्यांत सपाट मातीच्या घरांवर दगडी रूळ ठेवलेले असतात. पाऊस पडून गेला की तो रूळ फिरवून छप्पर पुन्हा दाबायचे. आपल्याकडे तेच काम लाकडी चोपणीने होई. माती तीच, दुखणे तेच, औषधही तेच.

१४/
दगडात हा प्रश्न कसा सोडवला ते पाहायचे तर सांगलीहून आग्नेयेला ऐहोळेला जावे. तेथल्या चालुक्यकालीन लाडखान मंदिराचे छप्पर मोठमोठ्या शिळांचे आहे. मधला भाग सपाट आणि भोवतीच्या शिळा बाहेरच्या बाजूला उतरत्या. दोन शिळांमधल्या सांध्यावर दगडाच्याच लांब पट्ट्या बसवल्या आहेत, जणू लाकडी ओंडके ठेवावेत तशा. सांधा हेच पाण्याचे दार. ते झाकले की शिळेतून पाणी येत नाही. पट्ट्यांमधून वाहणारे पाणी आपोआप कडेला जाते. बांधणाऱ्यांनी लाकडी छपराची सवय दगडात उतरवली असावी असे अनेक कलाभ्यासक मानतात. पाहायला गेलात तर शिल्पांवरून नजर काढून थोडी वर टाका.

१५/
आता पाणी छपरावरून निघाले. पण पडले कोणाच्या अंगणात? येथून खरी भांडणे सुरू होतात, आणि ती फार जुनी आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरासंबंधीचे नियम आहेत. घराचे वाहते किंवा वरून पडणारे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतर सोडूनच काढले पाहिजे, असा दंडक तेथे आहे. हे अंतर तीन पावले किंवा दीड हात सांगितले आहे, आणि मोडणाऱ्याला ५४ पणांचा दंड. ज्या ग्रंथात हेरांची आणि युद्धांची खलबते आहेत, त्याच ग्रंथात शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब आहे. राज्यकर्त्याला दोन्हींची गरज वाटली.

१६/
इंग्रजी अमदानीत हाच वाद सुविधाधिकाराच्या कायद्यात गेला. तो कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. एखाद्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जागेत सलग वीस वर्षे, उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा पडत आल्या, तर तो हक्क बनू शकतो. पण तो हक्क मिळाला म्हणून वळचण पुढे वाढवून शेजाऱ्यावरचा भार वाढवता येत नाही. हे कायद्यातच उदाहरण देऊन सांगितले आहे. सांगली, मिरज, बुधगाव, जत, औंध ही संस्थाने. त्यांची न्यायालये निराळी. पण गल्लीतले भांडण सर्वत्र एकच : तुझी पन्हळ माझ्या भिंतीवर का?

१७/
जुनी खरेदीखते हाती आली तर चतुःसीमेनंतरचा मजकूर वाचून पाहा. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह’ हा ठसकेबाज साचा सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच्या आसपास कोठेतरी जाण्यायेण्याच्या वाटेचे आणि सांडपाण्या-पागोळ्यांचे हक्कही येतात. गावाचा इतिहास लिहिणारे बखरी धुंडाळतात. गल्लीचा इतिहास मात्र अशा ओळींत असतो. कोणाचे छप्पर कोणीकडे उतरते, यावरून कोणाचे घर आधी बांधले गेले, दोन भावांच्या वाटण्या कशा झाल्या, हेही पुष्कळदा उमगते.

१८/
वरचे सारे वाचून असे वाटेल की माळवद ही मोठी सुबक व्यवस्था होती. होतीही, पण ती दरवर्षी माणसाचा हात मागणारी व्यवस्था होती. मृगाच्या आधी वर चढून उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, कारण मूळ कुजले की त्याच्या जागी पाण्याची नळी तयार होते. भेगा चोपायच्या. पन्हळीच्या तोंडाशी अडकलेला पाला, चिमण्यांची घरटी, वाळलेली माती काढायची. वाहून गेलेला ढाळ पुन्हा साधायचा. आणि पूर्वेकडील तालुक्यांत मुख्य पाऊस जून-जुलैत नव्हे, तर बहुधा परतीचा, उत्तरा-हस्ताचा. तो एकदम आणि जोराने येतो. म्हणजे पन्हळीची खरी परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी.

१९/
पाण्याचे प्रमाण किती असते? एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या माळवदावर तासाला पन्नास मिलिमीटरचा पाऊस पडला, तर तासाभरात पाच हजार लिटर, म्हणजे मिनिटाला ऐंशीहून अधिक लिटर पाणी पन्हळीपर्यंत पोचते. आज अशा पावसाला शंभर मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण ८५ चौरस मीटर छपराला पुरेल असे तक्ते सांगतात. पन्हळीचे तोंड मुठीएवढे बुजले तरी उरलेले पाणी वर थांबणार, हे उघड आहे.

२०/
आणि छप्पर गळू लागले की माणूस काय करतो? ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि कसबी हात आहे, तो जुनी माती काढतो, ढाळ पुन्हा काढतो, पन्हळ बदलतो. ज्याच्याकडे यांतले काही नाही, तो गळते त्या जागी वरून आणखी दोन पाट्या माती टाकतो. हे काम एका दुपारचे. गळणे थांबतेही. पुढच्या वर्षी दुसरीकडे गळते. पुन्हा दोन पाट्या. जुनी माती कोणी काढीत नाही, कारण ती काढायला पावसाच्या तोंडावर सारे घर उघडे करावे लागेल. असे आजोबांनी केले, वडिलांनी केले, मुलाने केले. कोणीही मूर्ख नव्हते. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या त्याच्या वर्षी शहाणपणाचाच होता.

२१/
पिढ्यांचा हिशेब मात्र भयंकर होतो. मूळचा वीत-दीड वीत थर कालांतराने दोन फुटांवर जातो. साठ सेंटिमीटर जाडीची दाबलेली माती धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९५० किलो. दहा फूट गुणिले तेरा फुटांची एक साधी खोली बारा चौरस मीटरांची असते. तिच्यावर अकरा टनांहून अधिक वजन, आणि तेही कोरड्या मातीचे. तुलनेसाठी : बारा सेंटिमीटरचा सिमेंटचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलो भरतो. एवढे वजन कड्या आणि तुळया मुकाट्याने पेलत होत्या, कारण वजन सरळ खाली होते आणि जमीन स्थिर होती.

२२/
माधवनगरपासून ईशान्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून दमून आलेली माणसे गाढ झोपेत. हस्ताचे दिवस. धक्का सुमारे ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मापाने मध्यम, पण उथळ. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितला जातो. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

२३/
तोवरच्या भूकंपनकाशात हा सारा मुलूख विभाग एकमध्ये, म्हणजे देशातील सर्वांत सुरक्षित गणलेल्या भागात होता. २००२ मध्ये मानक सुधारले गेले तेव्हा ‘विभाग एक’ हा प्रकारच रद्द झाला. कागदावरची ही दुरुस्ती किल्लारीच्या अनुभवातून आली आहे, हे स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

२४/
त्यानंतर अभियंत्यांनी जी पाहणी केली तिच्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. पहिली भिंतीची : दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, चिखलात बसवलेल्या. बाहेरचा पदर आणि आतला पदर निराळे, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नाहीतच. धक्क्यासरशी दोन्ही पदर सुटले. दुसरी गोष्ट छपराची : गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने अवजड झालेली माळवदे. भूकंपात वस्तूवर येणारे आडवे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. छप्पर जेवढे जड, तेवढा भिंतीला बसणारा हिसका मोठा. आणि भिंत सुटली की तेच वजन खाली.

२५/
दोष केवळ मातीच्या छपराला देऊन चालणार नाही, आणि पाहणीनेही तसा दिला नाही. ज्या घरांत छप्पर भिंतीवर न ठेवता लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर तोललेले होते, खणांची ती जुनी पद्धत जेथे शाबूत होती, तेथे काही ठिकाणी भिंती कोसळूनही छप्पर खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. म्हणजे मूळ रचनेत शहाणपण होते. चांगले लाकूड दुर्मिळ होत गेले, खांब गेले, तुळया थेट भिंतीवर टेकल्या, आणि वर माती वाढत राहिली. परंपरा मोडली ती एका दिवसात नव्हे. ती एकेका खांबाने आणि एकेका पाटीने मोडत गेली.

२६/
पुढे दुरुस्तीसाठी ज्या सूचना दिल्या गेल्या, त्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती छपरावरची माती उतरवण्याची : थर पातळ करा, मध्ये पाणी न मुरणारा प्लॅस्टिकचा कागद घाला, वर ढाळ काढून पाणी बाहेर घालवा. भिंतींत आरपार दगड बसवा. म्हणजे अखेर गाडी पुन्हा नवव्या मुद्द्यावर आली : पाणी काढून द्यायचे. लोकांनी मात्र निराळाच निर्णय घेतला, आणि त्यांना दोष कोण देईल? डोक्यावर दगड-मातीचे छप्पर नको, या एका भीतीने मराठवाड्यात पत्र्याची घरे वाढली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पण रात्री झोप लागते.

२७/
इकडे सांगलीकडे माळवद गेले ते निराळ्या वाटेने. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली. त्याआधी १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला होता. रेल्वेने ती मंगलोरी कौले देशावर सुलभ केली. रेल्वेच्या कडेची पेठ कौलारू झाली, आतली खेडी माळवदाचीच राहिली. पुढे सहकारी साखर कारखान्यांचा पैसा आला, सिमेंट आले, आणि उसाच्या पट्ट्यात एकेका हंगामागणिक स्लॅब पडू लागले. गंमत अशी की कौलांच्या वाटेने एक फेरी मारून आपण पुन्हा सपाट छपरावरच आलो. आणि सपाट छपराबरोबर तो जुना प्रश्नही परत आला.

२८/
स्लॅब म्हणजे दगडी छप्पर, त्याला कसले पाणी, अशी समजूत असते. प्रत्यक्षात काँक्रीटलाही बारीक चिरा पडतात. पाणी उभे राहिले की ते सळ्यांपर्यंत पोचते, सळ्या गंजून फुगतात आणि खालचे पोपडे निखळतात. म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात आणि त्यात शंभराला एक एवढा तरी ढाळ ठेवतात, पाणी पाइपाच्या तोंडाकडे जावे म्हणून. माळवदात ढाळ मातीच्या थरात असे. येथे तो कोब्यात आहे. मूळ तत्त्वात तसूभरही फरक नाही.

२९/
आणि सवयही तीच. स्लॅब गळू लागला की जुना कोबा उकलून ढाळ तपासणारे थोडे. त्याच्यावरच नवा कोबा घालणारे पुष्कळ. सरासरी दहा सेंटिमीटरचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८० ते २०० किलो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक जादा कोबा म्हणजे अठरा ते वीस टन, जे मूळ आराखडा करणाऱ्याने धरलेलेच नव्हते. वर नवा थर आला की पाइपाचे तोंड थरात खोल जाते, जाळी बसत नाही, पाला अडकतो, पाणी पुन्हा उभे राहते. गळतीचे खरे कारण बहुतेकदा त्या तोंडाशीच असते. बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला पळते हे पाहिले तरी निम्मे निदान होते. जुन्या साताऱ्याच्या याच मुलखात, कोयनानगरला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला होता, एवढीच आठवण येथे करून देतो.

३०/
जाता जाता एक विनंती. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, मंगळवेढा, सांगोला या बाजूला आपले आजोळ असेल, तर या दिवाळीत गेल्यावर जुन्या घराच्या भिंतीला वरच्या बाजूस पन्हळ आहे का, ते पाहा. लाकडाची आहे की दगडाची, भिंतीबाहेर किती हात येते, खाली फरशी आहे का, पाणी कोणाच्या बाजूला पडते. सवण्याला तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर तोही लिहून घ्या. घरात वयस्कर कोणी असतील तर त्यांना विचारा की माती कोणत्या टेकाडावरून आणीत आणि जुनी माती शेवटची कधी उतरवली. छायाचित्र काढताना माणूस किंवा फूटपट्टी शेजारी ठेवा, म्हणजे माप कळेल. उत्तरे याच धाग्याखाली टाका. पुढच्या भागात तालुकावार एकत्र मांडतो.